पडणारच होत्या, तरीही: शर्ली चिझम यांची १९७२ ची उमेदवारी आणि तिच्यावरचे दोन चित्रपट

आज आपण एका पडलेल्या उमेदवाराबद्दल बोलणार आहोत. ही उमेदवारी पडणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं, खुद्द उमेदवारालाही. नाव शर्ली चिझम. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ साली त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट मागितलं आणि त्या हरल्या.

या उमेदवारीवर आपल्यापुढे तीन गोष्टी आहेत. एक, चिझम यांनी स्वतः १९७३ मध्ये लिहिलेलं ‘द गुड फाइट’ हे पुस्तक. दुसरी, शोला लिंच यांचा २००४ चा माहितीपट, ‘चिझम ’७२’. तिसरी, जॉन रिडली यांनी दिग्दर्शित केलेला २०२४ चा ‘शर्ली’ हा चित्रपट, ज्यात रेजिना किंग यांनी चिझम यांची भूमिका केली आहे. आम्हाला आज मुख्यतः या दोन चित्रपटांची तपासणी करायची आहे. दोन्ही पाहण्यासारखे आहेत. पण दोन्ही पाहून उठताना प्रेक्षकाच्या मनात जी भावना राहते ती आम्हाला अपुरी वाटते, काही ठिकाणी दिशाभूल करणारीही वाटते. आणि हा प्रश्न फक्त चित्रपटांचा नाही. हरणाऱ्या उमेदवाराच्या मागे उभं राहायचं की नाही, राहिलो तर कशासाठी, हा प्रश्न मतदान करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. तेव्हा आपण आज त्यांना चिझमबाई म्हणू या, आणि त्यांचा हिशेब नीट मांडू या.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे तिकीट वरून येतं. पक्षश्रेष्ठी ठरवतात, यादी जाहीर होते, मग नाराजांची समजूत काढली जाते. अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यासाठी राज्याराज्यांत आधी मतदान होतं. त्या मतांवरून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, ठरतात. अधिवेशनात ज्याच्या बाजूने निम्म्याहून अधिक डेलिगेट उभे राहतील त्याला तिकीट.

हेही पूर्वीपासून असंच नव्हतं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता पक्षाचे उमेदवार झाले. ते शिकागोचं अधिवेशन रस्त्यावरच्या लाठीमारासाठी लक्षात राहिलं. त्यानंतर पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष होते सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. नव्या नियमांनी स्त्रिया, तरुण आणि अल्पसंख्याक यांना डेलिगेट म्हणून जास्त जागा मिळाल्या. १९७१ मध्ये मतदानाचं वयही २१ वरून १८ वर आलं. म्हणजे १९७२ ची निवडणूक ही नव्या नियमांची पहिली निवडणूक होती. हे लक्षात ठेवा. चिझमबाई वेडाच्या भरात उभ्या राहिल्या नव्हत्या. दार किलकिलं झालेलं त्यांना दिसलं होतं.

आता बाई कोण होत्या? जन्म १९२४ चा, ब्रुकलिनमधला. आई बार्बाडोसची, वडील ब्रिटिश गियानाचे. लहानपणीची काही वर्षं बार्बाडोसमध्ये आजीकडे गेली. ब्रुकलिन कॉलेजात शिक्षण, मग बालवाड्या चालवण्याचं काम. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत निवडून गेल्या. १९६८ मध्ये काँग्रेसची निवडणूक जिंकली, आणि तीही जेम्स फार्मर यांच्यासारख्या नागरी हक्क चळवळीतल्या गाजलेल्या पुढाऱ्याला हरवून. वॉशिंग्टनमध्ये गेल्यावर या शहरी मतदारसंघाच्या बाईंना शेती समितीवर टाकण्यात आलं. नव्या सदस्याने गप्प बसायचं अशी तिथली रीत. त्या गप्प बसल्या नाहीत, भर सभागृहात हरकत घेतली, आणि समिती बदलून घेतली.

२५ जानेवारी १९७२ रोजी ब्रुकलिनमधल्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली. त्या भाषणाचा मथितार्थ असा: मी कृष्णवर्णीय आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण मी फक्त कृष्णवर्णीयांची उमेदवार नाही. मी स्त्री आहे, त्याचाही अभिमान आहे, पण मी फक्त स्त्री चळवळीची उमेदवार नाही. मी लोकांची उमेदवार आहे. त्यांचं घोषवाक्य सगळ्यांना माहीत आहे. त्याचा आपल्या भाषेत अर्थ सांगायचा तर, मला कुणी विकत घेतलेलं नाही आणि माझा कुणी साहेब नाही.

पुढच्या सहा महिन्यांचा ताळेबंद असा. मोहिमेचा खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या मानाने किरकोळ. सुमारे बारा राज्यांत मतपत्रिकेवर नाव. एकूण मतं सुमारे ४ लाख ३० हजार, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. टीव्हीवरच्या वादसभांतून त्यांना वगळलं गेलं, तेव्हा त्यांनी दाद मागितली आणि कोर्टामार्फत थोडा वेळ मिळवला. मायामी बीचच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत १५२ डेलिगेटांची मतं, चौथा क्रमांक. मॅकगव्हर्न सतराशेच्या पुढे गेले आणि तिकीट त्यांना मिळालं.

आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर डिपॉझिट गेलं. पण चित्रपट हे कसं सांगतात ते पाहू.

लिंच यांच्या माहितीपटाची ताकद त्याच्या साहित्यात आहे. त्या काळच्या चित्रफिती आणि त्या काळच्या साथीदारांच्या मुलाखती यांवर तो उभा आहे. वृद्ध झालेल्या चिझमबाई स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात. माहितीपट आला २००४ मध्ये आणि १ जानेवारी २००५ ला त्या वारल्या, म्हणजे हे काम अगदी वेळेवर झालं. मोहीम किती विस्कळीत होती, स्वयंसेवक किती होते आणि संघटना किती कमी होती, हे माहितीपट लपवत नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा.

रिडली यांचा चित्रपट वेगळ्या घाटाचा. तो ही सारी मोहीम खोल्यांमध्ये आणून बसवतो. सल्लागार, नवरा, बहीण, तरुण स्वयंसेवक, आणि मधोमध बाई. रेजिना किंग यांनी चिझमबाईंचा ताठ कणा आणि बोलण्याची ठाशीव लकब चांगली पकडली आहे. डेलिगेटांची जुळवाजुळव, कोण कुणाकडे जातो आहे याची कुजबुज, हा भाग कथापटात सहसा गाळला जातो. रिडली यांनी तो ठेवला, याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत.

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी की दोन्ही चित्रपट शेवटी दोनच भावनांवर येऊन थांबतात. पहिली भावना: बाई पहिल्या होत्या, त्यांनी वाट पाडली, म्हणून हरूनही जिंकल्या. दुसरी भावना: त्यांच्याच माणसांनी दगा दिला. दोन्ही भावना आपल्याला फार ओळखीच्या आहेत. पहिलीने पुतळा होतो, दुसरीने पोवाडा. पण राजकारण समजत नाही.

पहिल्या भावनेपासून सुरुवात करू. ‘हरूनही जिंकल्या’ असं आपण म्हणतो तेव्हा बाईंना स्वतःला काय हवं होतं, हे विचारायचं राहून जातं. त्यांना काय हवं होतं ते काही गुपित नव्हतं. राष्ट्राध्यक्ष होण्याची आशा त्यांना नव्हती. त्यांचा डाव असा: पुरेसे डेलिगेट जमवायचे, अधिवेशनात कुणालाच स्पष्ट बहुमत नसेल अशी वेळ आली तर ते डेलिगेट घेऊन वाटाघाटीला बसायचं. मागण्याही ठरलेल्या होत्या. उपराष्ट्राध्यक्षपदाला कृष्णवर्णीय उमेदवार. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खातं एका स्त्रीकडे. आणि अंतर्गत खातं, ज्याच्या हाती मूलनिवासींच्या जमिनींचा कारभार, ते एका मूलनिवासी माणसाकडे. म्हणजे ही वाटाघाटीसाठी केलेली उमेदवारी होती. तिला नुसती प्रतीकात्मक म्हणणं हा बाईंचा अपमान आहे, कितीही आदराने म्हटलं तरी.

आणि या मापाने मोजलं तर उमेदवारी फसली. हे स्पष्ट म्हणायला हवं. वाटाघाट झालीच नाही, कारण त्रिशंकू अवस्था आलीच नाही. ती का आली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात तेव्हा नियम होता की जो पहिला येईल त्याला सगळे डेलिगेट. मॅकगव्हर्न हम्फ्रींपेक्षा पाचेक टक्क्यांनी पुढे राहिले आणि २७१ च्या २७१ जागा घेऊन गेले. चिझमबाईंना तिथे चार टक्क्यांच्या थोडी वर मतं होती, डेलिगेट शून्य. अधिवेशनाच्या पहिल्या रात्री यावरच मोठी झुंज झाली. विरोधकांचं म्हणणं, मतांच्या प्रमाणात वाटणी करा. तशी वाटणी झाली असती तर मॅकगव्हर्न यांचं बहुमत डळमळलं असतं, आणि बाईंच्या पदरातही थोडे डेलिगेट पडले असते. वाटणी झाली नाही. त्या क्षणी निकाल लागला. दुसऱ्या दिवशी हम्फ्रींनी माघार घेतली.

आता त्या १५२ आकड्याकडे परत येऊ. भक्तिभावाने लिहिलेल्या लेखांत हा आकडा मेडलसारखा मिरवला जातो. पण प्रायमरीत बाईंनी स्वतः मिळवलेले डेलिगेट तीसच्या आतच होते. बाकीचे कुठून आले? हम्फ्रींनी माघार घेताना आपल्या कृष्णवर्णीय डेलिगेटांना मोकळं केलं आणि चिझमबाईंकडे जाऊ दिलं. इतर उमेदवारांवर नाराज झालेले काही आले. सगळं ठरून गेल्यावर, ज्या मताला आता किंमत उरली नव्हती असं मत सन्मानाने देणं सोपं होतं. ज्या दिवशी मताला किंमत होती त्या दिवशी ते मिळालं नाही. आमच्या मते संपूर्ण कहाणीतली सर्वांत बोचरी गोष्ट ही आहे. ती दाखवायला कुठलाही खलनायक लागत नाही.

याच वर्षी न्यू जर्सीत झालेल्या पसंती मतदानात चिझमबाई पहिल्या आल्या, हेही अनेकदा सांगितलं जातं. ते खरं आहे. पण त्या मतदानावर डेलिगेट अवलंबून नव्हते आणि आघाडीचे उमेदवार त्यात नव्हते. समीक्षकाने सांगायचं तर पूर्ण सांगावं.

आता दुसऱ्या भावनेकडे वळू, म्हणजे दग्याकडे. आरोपींची यादी मोठी आहे. कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य रॉन डेलम्स आधी बाईंच्या बाजूने होते, अधिवेशनात मॅकगव्हर्न यांच्याकडे गेले. वॉशिंग्टन शहराचे वॉल्टर फॉन्ट्रॉय यांनी आपले डेलिगेट मॅकगव्हर्न यांच्या पारड्यात टाकले. मार्चमध्ये इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात कृष्णवर्णीयांचं मोठं राजकीय अधिवेशन भरलं, त्याने बाईंना पाठिंबा दिला नाही. ज्या नॅशनल विमेन्स पोलिटिकल कॉकसच्या बाई संस्थापकांपैकी एक, तिथेही एकमत नव्हतं. ग्लोरिया स्टायनम न्यूयॉर्कमध्ये बाईंच्या बाजूने डेलिगेट म्हणून उभ्या राहिल्या, आणि तरी मॅकगव्हर्न यांच्याकडचा आपला कल त्यांनी लपवला नाही. पुरुष म्हणाले, ही स्त्रियांची उमेदवार. स्त्रिया म्हणाल्या, मनाने तुमच्याबरोबर, पण व्यवहार बघायला हवा.

यात पुरुषी अहंकार होता, वाद नाही. बाईंनी स्वतः आयुष्यभर सांगितलं की वर्णापेक्षा स्त्री असण्याची अडचण त्यांना जास्त झाली. पण एवढ्यावर थांबलो तर एक गोष्ट सुटते. ती दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो.

जानेवारी १९७१. काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा सभागृह नेता निवडायचा होता. उमेदवारांमध्ये एक होते लुइझियानाचे हेल बॉग्ज, दक्षिणेतले वजनदार गोरे पुढारी. दुसरे एक होते जॉन कॉनयर्स, डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय सदस्य. कॉनयर्स जिंकणार नाहीत हे उघड होतं. त्यांची उमेदवारी तत्त्वाची होती. चिझमबाईंनी मत कुणाला दिलं? बॉग्ज यांना. बॉग्ज जिंकले, आणि बाईंना हवी असलेली शिक्षण आणि श्रम समिती मिळाली. ब्रुकलिनच्या शाळा आणि कामगार वस्त्या यांच्यासाठी ती समिती म्हणजे प्रत्यक्ष काम करण्याची जागा होती.

आता बघा. फक्त एका वर्षापूर्वी बाईंनी तत्त्वाच्या, हरणाऱ्या, कृष्णवर्णीय उमेदवाराला सोडून जिंकणाऱ्याशी सौदा केला होता. १९७२ मध्ये डेलम्स आणि फॉन्ट्रॉय यांनी वेगळं काय केलं?

काही लोक म्हणतील, म्हणजे बाई ढोंगी होत्या. आम्ही तसं म्हणत नाही. आम्हाला यातून उलटाच बोध होतो. बाईंना मताची किंमत कळत होती. मत हे नाणं आहे, ते कुठे वाजवून घ्यायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून १९७२ च्या मायामीत विचारायचा प्रश्न ‘तुम्ही बाईंना का सोडलं?’ हा नाही. तो प्रश्न भावनेचा आहे, आणि त्याला समोरचा माणूस भावनेनेच उत्तर देतो: व्हिएतनामचं युद्ध थांबवायचं होतं, निक्सनला हटवायचं होतं, मतं फोडून चालणार नव्हतं. हे उत्तर खोटं नाही. तेव्हा रोज माणसं मरत होती. खरा प्रश्न असा आहे: सोडलंत, ठीक, पण मोबदल्यात काय घेतलंत? बॉग्जकडून समिती आली. मॅकगव्हर्नकडून बाईंच्या तीन मागण्यांपैकी काय आलं? उपराष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, आधी टॉमस ईगल्टन आणि ते बाजूला झाल्यावर सार्जंट श्रायव्हर, गोरे पुरुष होते. ‘शर्ली’ हा चित्रपट विश्वासघाताचे चेहरे जवळून दाखवतो. आम्हाला वाटतं कॅमेरा टेबलाखाली न्यायला हवा होता, हातातून हातात काय गेलं ते बघायला.

आणि नोव्हेंबरमध्ये काय झालं? मॅकगव्हर्न एकोणपन्नास राज्यं हरले. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचं शहर, एवढंच हाती लागलं. याचा आधार घेऊन काही जण म्हणतात, बघा, व्यवहारी मतदारांचंही मत वायाच गेलं, मग बाईंना दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. जुलै महिन्यात उभ्या असलेल्या माणसाला नोव्हेंबर दिसत नाही. त्याला न्याय द्यायचा तर जुलैमध्ये जे दिसत होतं त्यावरच द्यायला हवा. पण एवढं मात्र खरं की ‘व्यवहार’ या शब्दाला आपण जितका भाव देतो तितका तो नेहमी वठत नाही.

इथे आपल्या मातीशी एक खरा धागा जुळतो, म्हणून तो घेतो. १९७२ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने चिझमबाईंना पाठिंबा जाहीर केला. ज्यांची ओळख बंदूक आणि काळं जॅकेट अशी होती ते लोक मतपेटीकडे वळत होते. पुढच्या वर्षी त्यांचे बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदासाठी लढले आणि हरले. त्याच १९७२ मध्ये मुंबईत, या ब्लॅक पँथरांपासून स्फूर्ती घेऊन, दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे साथीदार. आणि या पँथरची निवडणुकीशी पहिली मोठी गाठ कशी पडली? जानेवारी १९७४, मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, मोर्चावर हल्ला झाला, भागवत जाधव मारले गेले. आणि निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

दोन पँथर, दोन वाटा. एकांनी हरणाऱ्या उमेदवाराला मत दिलं, दुसऱ्यांनी मत नाकारलं. कोण बरोबर, हे ठरवायला आम्ही इथे बसलेलो नाही. आम्ही फक्त एवढं दाखवतो की दोघांचा प्रश्न एकच होता: जो पक्ष आपली मतं घरची समजून चालतो त्याला ती घरची नाहीत हे कळवायचं कसं? बहिष्काराने ते कळलं, पण किंमत रस्त्यावर मोजावी लागली. बाईंच्या मार्गाने किंमत कमी लागली, पण ऐकूही कमी गेलं. हा हिशेब करताना कुणालाच भाबडं म्हणता येत नाही.

कमी ऐकू जाण्याचं आणखी एक कारण तुलनेतून दिसतं. १९६८ मध्ये सिनेटर युजीन मॅकार्थी हे असेच अशक्य वाटणारे उमेदवार होते, आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, युद्धाच्या प्रश्नावर. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत ते हरले, पण ४२ टक्के मतं घेऊन. लिंडन जॉन्सन यांना ४९ च्या आसपास. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी पुन्हा उभं न राहण्याची घोषणा केली. हरणाऱ्या उमेदवाराने एवढं साधलं, कारण त्यांचा प्रश्न एक होता, राज्य छोटं होतं, आणि सगळं बळ एका जागी लावलं होतं. चिझमबाईंनी बळ बारा ठिकाणी पसरलं, प्रश्नही अनेक घेतले. स्वयंसेवकांचा उत्साह होता तिथे मोहीम गेली, डेलिगेट मिळू शकतील तिथे गेलीच असं नाही. हा दोष आहे, आणि आदरापोटी तो झाकला तर पुढच्या उमेदवाराचंच नुकसान होतं.

मग उरलं काय? काहीच नाही का? उरलं, आणि ते भावनेच्या भाषेत न सांगताही सांगता येतं.

ओकलंडच्या मिल्स कॉलेजात तेव्हा बार्बरा ली नावाची विद्यार्थिनी होती. दोन पक्षांपैकी कुठलाच आपला नाही या विचाराने तिने मतदार म्हणून नावही नोंदवलेलं नव्हतं. चिझमबाईंच्या मोहिमेत काम करायचं म्हणाली तेव्हा बाईंनी तिला आधी नाव नोंदवायला लावलं. पुढे ली डेलम्स यांच्याच कार्यालयात काम करू लागल्या, आणि १९९८ मध्ये त्यांच्याच जागेवर काँग्रेसमध्ये निवडून गेल्या. म्हणजे ज्यांना आपण दगाबाजांच्या यादीत घातलं, त्यांनीच बाईंची शिष्या वाढवली. आणि सप्टेंबर २००१ मध्ये, लष्करी बळ वापरण्याचा मोकळा परवाना देणाऱ्या ठरावावर, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ अशी मतं पडली. ते एक मत बार्बरा ली यांचं.

दुसरी गोष्ट जॉर्ज वॉलेस यांची. अलाबामाचे हे गव्हर्नर वर्णभेदाचे उघड समर्थक, आणि याच प्रायमरीत बाईंचे प्रतिस्पर्धी. १५ मे १९७२ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चिझमबाई त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. समर्थक संतापले. दोन्ही चित्रपटांना हा प्रसंग प्रिय आहे, आणि तो माणुसकीचा प्रसंग आहेच. पण त्याचं पुढचं टोकही सांगायला हवं. १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणायचं होतं, तेव्हा दक्षिणेतल्या सदस्यांची मतं मिळवायला वॉलेस यांनी मदत केली, असं बाई पुढे सांगत. बाईंची आई स्वतः घरकाम करत असे. इथेही तेच: भेट माणुसकीची, पण नातं कामाला आलं.

आणि तिसरी गोष्ट, जेसी जॅक्सन. १९७२ मध्ये ते मॅकगव्हर्न यांच्या गोटात होते. १९८४ मध्ये स्वतः उभे राहिले, सुमारे १८ टक्के मतं घेतली, चिझमबाईंनी त्यांना पाठिंबा दिला. १९८८ मध्ये ते २९ टक्क्यांवर गेले. तीन टक्क्यांहून कमी, मग अठरा, मग एकोणतीस. वाट पडली असं म्हणायचं असेल तर ती अशी आकड्यांत दिसायला हवी, नुसत्या ‘पहिल्या’ या विशेषणात नाही.

तर आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. हरणाऱ्या उमेदवाराला पाठिंबा द्यावा का? आम्ही म्हणतो, द्यावा की नाही हे तीन गोष्टी विचारून ठरवा. एक: या उमेदवाराला हरतानाही नेमकं काय मिळवायचं आहे? उत्तर ‘जागृती’ एवढंच असेल तर सावध राहा, चिझमबाईंकडे तीन मागण्यांची यादी होती. दोन: मोजणीचा नियम काय आहे? दुसऱ्या क्रमांकाला काही मिळतं की सगळं पहिल्याच्या घरात जातं? नियम न वाचता दिलेलं तत्त्वाचं मत कॅलिफोर्नियातल्या चार टक्क्यांसारखं हवेत जातं. तीन: निकालाच्या दुसऱ्या दिवशी ही माणसं कुठे असतील? नाव नोंदवलेली, संघटनेत गुंतलेली, की घरी बसून ‘आपण तरी प्रयत्न केला’ म्हणणारी?

आणि ज्यांना असा उमेदवार सोडावा लागतो त्यांच्यासाठी एकच प्रश्न पुरे: मोबदल्यात काय घेतलंत?

चिझमबाईंना आदर्शवादी म्हणण्याची पद्धत आहे. शब्द गोड आहे, पण तो बाईंना राजकारणाच्या बाहेर नेऊन बसवतो. ज्यांनी त्यांना आदर्शवादी म्हटलं त्यांच्यावर त्यांना मत देण्याचं बंधन उरलं नाही, नमस्कार केला की काम झालं. दोन्ही चित्रपट शेवटी तो नमस्कारच करतात, फार सुंदर करतात. तुम्ही ते पाहा, जरूर पाहा. आधी माहितीपट बघा, मग ‘शर्ली’. आणि पाहताना एक वही जवळ ठेवा. प्रत्येक खोलीत, प्रत्येक दृश्यात, कोण काय मागतो आहे आणि कोण काय देतो आहे, एवढंच लिहीत जा. शेवटी त्या वहीत जे उरेल ते बाईंना आवडलं असतं, असं आम्हाला वाटतं.